वाचताना सगळं कळतं, पुस्तक मिटलं की पाटी कोरी

प्रश्न

एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा असा:

वय ४२. पती गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागल्या, त्याला सात वर्षं झाली. विभागीय परीक्षेत पुस्तकाशिवायच्या पेपरला दोनदा अडकल्या, दुसऱ्या वेळी अवघ्या चार गुणांनी. रात्री अकराला झोपून पहाटे चारला उठतात आणि सहापर्यंत वाचतात. रविवारी सलग पाच-सहा तास. नियमांचं पुस्तक तीन रंगांच्या हायलायटरने रंगवून झालंय, चौथं वाचन चालू आहे. 'वाचताना सगळं कळतं, पुस्तक मिटलं की पाटी कोरी.' त्यातच अलीकडे गॅसवर दूध ठेवून विसरणं, ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी न आठवणं असं होऊ लागलंय. त्यांच्या आईला सहा वर्षं विस्मरणाचा आजार होता. शेवटी शेवटी लेकीचं नावही तिला सांगता येत नसे, जात्यावरची एक ओवी मात्र ती अखंड म्हणायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. जाऊ म्हणते, 'आईवर गेलीस.' भाऊ म्हणतो, एमआरआय करून टाक. कचेरीतल्या एकाने आठ हजारांचा स्मरणशक्ती वाढवण्याचा वर्ग सुचवलाय. परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे. फॉर्म भरू की नाद सोडू, असं त्या विचारतात.

उत्तर

ताई,

आधी आईबद्दल बोलू. पत्र परीक्षेचं असलं तरी चारातली अडीच पानं आईचीच आहेत.

दूध उतू जाणं आणि आईचा आजार तुम्ही एकाच दोऱ्यात ओवून टाकलंत. दूध ठेवलंत तेव्हा डोक्यात काय चाललं होतं? तुम्हीच लिहिलंय, पेन्शनचे नियम. म्हणजे दुधाची आवक नोंदवहीत नोंदच झाली नव्हती. जो कागद आवकला चढलाच नाही, तो दप्तरात शोधून कुठून सापडणार? नावाचंही असंच. ते जिभेच्या टोकावर येऊन अडकतं आणि अर्ध्या तासाने भाजी चिरताना आपसूक येतं. येतं ना? मग ते गेलेलं नव्हतं, फक्त हाताला लागत नव्हतं. नावं अशी अडकणं वयाबरोबर वाढतं आणि ते सगळ्यांचंच वाढतं. माझ्या वर्गातल्या मुलांची नावं मी हल्ली त्यांच्या दप्तराच्या रंगावरून शोधते.

आईचं सुरुवातीला काय झालं होतं, ते तुमच्याच पत्रात आहे. तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारणं, रोजच्या देवळातून येताना वाट चुकणं, दूधवाल्याचा हिशेब न लागणं, आणि आपलं काही चुकतंय हे तिला स्वतःला न उमगणं. यातलं काहीही तुमच्या बाबतीत तुम्ही लिहिलेलं नाही. आई-वडिलांपैकी एकाला उतारवयात हा आजार झाला असेल, तर पुढच्या पिढीचा धोका काहीसा वाढतो, हे खरं. पण तो वारसाहक्काने सातबाऱ्यावर चढत नाही. आणि बेचाळिसाव्या वर्षी तो सुरू होणं फार विरळा.

तरीही डॉक्टरांकडे जा, असंच मी सांगेन. थेट एमआरआयला नको. नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता आपल्याकडे सर्रास सापडते, थायरॉइड मंदावलं की डोकंही जड होतं, आणि दोन्हींवर साधे उपचार आहेत. पाळी मागेपुढे होत असेल तर तेही सांगा. त्या वर्षांत झोप मोडते, लक्ष टिकत नाही. स्कॅन लागलाच, तर ते सांगतील. आणखी एक बोलून टाका. आई गेल्यावर 'सुटली बिचारी, तूही मोकळी झालीस' असं चार जणांनी तुम्हाला म्हटलं असेल. सहा वर्षं एखाद्याचं सगळं केल्यावर माणूस असा एका दिवसात मोकळा होत नाही. त्या उदासीनेही आठवण अशीच बोथट होते.

आता पुस्तकाकडे.

'वाचताना सगळं कळतं' हे तुमचं वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलं. (हो, खोड मलाही आहे.) कळतं यात शंका नाही. पण चौथ्यांदा तेच पान उघडलं की पिवळी ओळ कुठे, गुलाबी कुठे हे डोळ्यांना ठाऊक असतं, वाचन सरसर होतं, आणि त्या सरसरीलाच आपण 'आलं मला' म्हणतो. तुमच्या आठ वाजून दहाच्या एसटीत रोज तीच माणसं दिसतात. चेहरे पाठ आहेत. पण त्यातल्या कोणाचं नावगाव सांगा म्हटलं तर? पुस्तकाशिवायच्या पेपरला नावगावच विचारतात. आणि पुस्तक मिटून ते बाहेर काढायचा सराव तुम्ही केल्याचं चार पानांत कुठेही नाही. सगळा वेळ आत भरण्यात गेला. बाहेर काढायची वेळ थेट परीक्षेच्या हॉलमध्ये आली.

हा फरक किती मोठा असतो, ते अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये नीट मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांना वाचायला एक उतारा दिला. एका गटाने चारही सत्रं तो फक्त वाचला. दुसऱ्याने एक सत्र वाचला, आणि उरलेल्या तीन सत्रांत कागद मिटून जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. गंमत अशी की आपल्याला जास्त लक्षात राहील, ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. तुमची पहाट त्या पहिल्या गटात जाते, ताई. सहा वाजता पुस्तक मिटताना जे समाधान वाटतं, ते पाच मिनिटांच्या परीक्षेचं समाधान आहे.

'हे सगळं आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होतं' या चालीचा मला कंटाळा आहे. पण परवच्याची आठवण मला इथे टाळता येत नाही. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की पडवीत आम्ही पाच भावंडं रांगेत बसायचो. हातात पुस्तक नसे, तेवढा उजेडही नसे. पाढे, मग पावकी, निमकी, दिडकी. औटकीला, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याला, निम्मे गडगडायचे. आता पाढ्याची गाडी 'एके'पासून सोडली की उताराला लागते, डोकं वापरावं लागत नाही. आजोबांना ते पक्कं ठाऊक होतं. ते सुपारी कातरता कातरता मध्येच थांबून एकाकडे बघायचे, "सतरा आठे?" पडवी चिडीचूप. ज्याच्याकडे बघितलं तो मनातल्या मनात सतरा एके सतरापासून पळत सुटायचा. 'छत्तीसासे' आलं तर ठीक. नाही आलं तर आजोबा उत्तर लगेच सांगून टाकत, रागावत नसत, आणि मध्ये दोन पाढे होऊ देऊन पुन्हा त्याच पोराकडे वळत, "सतरा आठे?" त्या दोन पाढ्यांत तो ते निम्मं विसरलेला असे. पुन्हा धडपड. उद्या संध्याकाळी पुन्हा. माझा एक चुलतभाऊ आज साठीला आलाय, बाजारात कॅल्क्युलेटर काढत नाही.

पाढ्यांच्या पुस्तकाला तेव्हा उजळणी म्हणत. आज उजळणी म्हणजे 'पुन्हा एकदा वाचून काढणं' एवढंच आपण धरून चाललोय. तेव्हा उजळणी तोंडाने व्हायची, पुस्तक फळीवर असायचं.

आता तुमच्या दुसऱ्या समजुतीबद्दल. विसरणं म्हणजे नासाडी, असं तुम्ही धरून चालला आहात. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःलाच उंदीर करून वर्षानुवर्षं अर्थहीन अक्षरजोड्यांच्या याद्या पाठ केल्या आणि त्या किती विसरतात ते १८८५ मध्ये छापलं. वीस मिनिटांतच चाळीस टक्क्यांहून जास्त कष्ट वाया. एका दिवसाने दोन तृतीयांश. पण महिन्याभराने सुमारे ऐंशी टक्के. म्हणजे पहिल्या दिवशी धबधबा आणि पुढे संथ धार. हा तरुण, निरोगी, हट्टी माणूस होता. काल वाचलेलं आज निम्मं गेलं म्हणून तुम्ही आईचा आजार आठवता, आणि ते तर धडधाकट मेंदूचं रोजचं काम आहे.

त्याच एबिंगहाउसने एका इंग्रजी दीर्घकाव्याची कडवीही पाठ केली होती. अर्थ आणि लय असल्याने त्यांना अर्थहीन अक्षरांच्या साधारण एक दशांश कष्ट लागले. म्हणून घोकंपट्टीचं मी समर्थन करतेय असं समजू नका. इथे तुमची सात वर्षांची नोकरी कामाला येते, जी कुठल्याही विशीतल्या उमेदवाराकडे नाही. वय वाढल्यावर नवं उचलण्याचा वेग कमी होतो, ते मी नाकारत नाही. पण नवं अडकवायला आत खुंट्या किती आहेत, यावर बरंच ठरतं. राज्य सरकारचे १९८१चे रजा नियम तुमच्यासाठी कलमांची यादी नाहीत. आजारी रजेवर गेलेल्या कोणाच्या तरी परिवर्तित रजेचा हिशेब तुम्हीच केला असेल, कोणाचा अर्ज त्रुटी काढून परत पाठवला असेल. नियम वाचला की आधी विचारा, ही भानगड कोणाच्या फायलीत झाली होती? नाव सापडलं की नियमाला खुंटी मिळाली.

आणि विसरणं थोडं हवंच असतं. मॉस्कोत लुरिया नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शेरेशेव्स्की या माणसाचा कित्येक वर्षं अभ्यास केला. त्याला पंधरा वर्षांपूर्वीच्या निरर्थक याद्यासुद्धा आठवत. पण गोष्ट वाचताना शब्दाशब्दाला चित्रं उभी राहून अर्थ बुडून जायचा, चेहरे दर वेळी वेगळे वाटायचे. नकोशा याद्या विसराव्यात म्हणून त्या कागदावर लिहून त्याने जाळूनही पाहिल्या. आपण सुखी आहोत.

तर करायचं काय? हायलायटर मुलाला देऊन टाका. कचेरीत एका बाजूने छापलेले, बाद झालेले पाठकोरे कागद ढिगाने पडलेले असतात. घरच्याच कागदांचे का असेना, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे तुकडे करा. कोऱ्या बाजूला नियम लिहू नका, प्रश्न लिहा. 'अर्जित रजा खाती कधी आणि किती जमा होते?' उत्तर मागे, छापील मजकुराच्या कडेला, लहान अक्षरात: १ जानेवारी आणि १ जुलै, आगाऊ १५-१५ दिवस. दुसऱ्या चिठ्ठीवर हाच प्रश्न अर्धवेतनी रजेचा, कारण घोटाळा नेमका तिथे होतो, तिथे १०-१०. तिसरीवर 'का' किंवा 'कधी नाही' असा प्रश्न हवाच, नाहीतर नुसते आकडे पाठ होतील आणि पेपरात प्रकरण आलं की हात थांबेल.

मिठाईचा एक कप्प्यांचा रिकामा डबा घ्या. सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७०च्या दशकात सांगितलेली ही युक्ती, डबा काजूकतलीचा असला तरी चालतो. पहिल्या कप्प्यातल्या चिठ्ठ्या रोज. जिचं उत्तर आलं ती दुसऱ्या कप्प्यात, तो तीन-चार दिवसांनी. तिथेही आली तर तिसऱ्यात, पंधरवड्याने एकदा. कुठेही चुकली की ती मुकाट्याने पहिल्यात परत. दहा-बारा चिठ्ठ्या पर्समध्ये टाका. एसटीत प्रश्न वाचा, खिडकीबाहेर बघत उत्तर मनात पूर्ण म्हणा, मगच उलटा. 'हे तर येतंय' असं म्हणून लगेच उलटाल, तर पुन्हा तीच वाचनाची खोड. आठवताना कपाळाला आठ्या पडल्या, निम्मं चुकलं, तर वाईट वाटून घेऊ नका. चूक लगेच तपासली तर ती नुकसान करत नाही. आणि रजा, पेन्शन, वर्तणूक सगळ्या चिठ्ठ्या पिसून घ्या. पेपर काही प्रकरणवार विचार करायला वेळ देत नाही.

पहिले पंधरा दिवस हे फार वाईट वाटणार आहे. इतका अभ्यास करून काहीच येत नाही, असं दिसेल. तुम्ही तेव्हा हायलायटर परत मागून घ्याल, म्हणून आधीच सांगून ठेवते. ब्रिटनच्या टपाल खात्याला पोस्टकोडची पद्धत आल्यावर पोस्टमनांना टंकलेखन शिकवायचं होतं. बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे गट पाडून १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. काहींना रोज एकच तास, काहींना रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका. एक तासवाले दिवस जास्त लावून पण एकूण कितीतरी कमी तासांत शिकले. आणि पद्धतीवर सगळ्यांत नाराज तेच होते! बाकीचे पुढे गेले, आपण मागे राहिलो, असं त्यांना वाटायचं. तुम्ही स्वतः छत्तिसाव्या वर्षी मराठी टंकलेखनाची ३०ची परीक्षा पास झालात, असं ओघात लिहून गेलात. ती रोजच्या एका तासाच्या बॅचने झालात की रविवारी सलग सहा तास बसून? पुस्तक बघून झालात की बोटांनी? तुमच्या डोक्याबद्दल जावेचं मत ऐकायचं की त्या प्रमाणपत्राचं, ते ठरवा.

म्हणून रविवारचे सहा तास मोडा. दीड तास पुरे, तोही जुन्या प्रश्नपत्रिकेला घड्याळ लावून. आणि पहाटेचे चार मला अजिबात मान्य नाहीत. पाच तासांच्या झोपेवर दूध उतू न जाईल तर काय? १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना काही तासांसाठी कधी झोपवून, कधी जागं ठेवून बघितलं. झोपेनंतर जागेपणाच्या कितीतरी पट शिल्लक राहत होतं. साडेपाचला उठा. रात्री अंथरुणावर पाच चिठ्ठ्या, बस. पहाटेची शांतता तुम्हाला स्वतःची म्हणून हवी असेल, घरात तेवढाच एक तास तुमचा असतो, हे मी समजू शकते. मग ती घ्या, पण मग रात्री दहाला दिवे बंद आणि डब्याची भाजी मुलाने चिरायची. बारावीतल्या मुलांना विळी धरता येते.

आठ हजारांच्या वर्गाला नको म्हणा. तिथल्या युक्त्या खोट्या नसतात. पन्नास वस्तूंची यादी क्रमाने म्हणून दाखवता येते. तुमच्या पेपरात पन्नास वस्तूंची यादी येत नाही. जावेने आणलेली ब्राह्मीची बाटली डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी हरकत घेतली नाही तर जावेच्या समाधानासाठी घ्या. तिच्यावर परीक्षेची भिस्त ठेवू नका.

बारावीची मुलं, स्पर्धा परीक्षावाले आणि परवान्याची परीक्षा देणाऱ्या एक परिचारिकाबाई, अशा बऱ्याच जणांची याच आशयाची पत्रं पडून आहेत. त्यांनी रजा नियमांच्या जागी आपापला विषय घालावा. डबा तोच.

फॉर्म भरा. चार गुणांनी अडकलेल्या माणसाने नाद सोडायचा नसतो, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही. चुकीच्या पद्धतीने तुम्ही चार गुणांवर पोचला आहात, तीन महिने हातात आहेत. मात्र या वेळीही राहिलं, तर डबा फेकू नका. लांबच्या मुदतीला तो जास्त चालतो.

शेवटी ती ओवी. पहिली ओळ लिहून तुम्ही पुढे लिहिलंय, 'पुढची आता मलाही आठवत नाही, मावशीला फोन करून विचारणार आहे.' इतकं सगळं गळून गेल्यावर आईजवळ तेवढीच का उरली, हे आता तुम्हाला सांगायला नको. जात्यावर ती पुस्तक न बघता हजारदा म्हटली गेली होती, सुरात, हाताच्या लयीत, रोज. तुम्हीही ती सहा वर्षं ऐकलीत. मावशीला फोन जरूर करा, पण आज नको. आज दुपारी कोणी घरात नसताना पाठकोरा कागद घेऊन बसा, पहिली ओळ लिहा आणि थांबा. आईच्याच चालीत म्हणून बघा. एखादा शब्द येईल, मधली जागा मोकळी सोडा, उद्या पुन्हा बसा. चार दिवसांनी फोन करा, आणि तुम्ही लिहिलेली ओवी मावशीला आधी म्हणून दाखवा.